सोडणं आणि लपवणं

मला सुकट आवडते, वजडी आवडते. शेपूची भाजी मात्र अजिबात नाही. हे उघड सांगायला चाळिशी उजाडली. नोकरीच्या सुरुवातीला डब्यात फक्त बटाट्याची भाजी न्यायचो. कुणी विचारलंच तर "आम्ही शाकाहारी" असं खोटं सांगायचो.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. आमच्या आजीनं ते सोडलं; घरातल्या चान्या कायमच्या गेल्या. तिचं सोडणं स्वाभिमानाचं होतं, माझं लपवणं भीतीचं. या दोन्हींची गल्लत आपण करतो.

आता मधुमेहामुळे भात कमी केलाय, ज्वारीची भाकरी वाढवलीय. डॉक्टरांचं ऐकेन. पण नाक मुरडणाऱ्यांसाठी ताट बदलणार नाही. उद्या डब्यात सुकटच!