गाडी निघायच्या आत

गेल्या डिसेंबरात आम्ही घरची सगळी पवना धरणाच्या काठाला तंबूत राहायला गेलो. पोरी महिनाभर मागं लागल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या मायला एकटी घरी कशी ठेवायची, म्हणून तिलाही गाडीत घातलं. तिथं पोचल्यावर तिनं तंबू बाहेरून पाहिला, वाकून आतून पाहिला, दोरी ओढून पाहिली आणि मला म्हणाली, "ही तर कोपीच की गं. पैसे देऊन ऱ्हायचं व्हय हितं?"

नवरा हसला. पोरींना कोपी म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं.

आमचं गाव पाटोदा तालुक्यातलं. डोंगरातली मुरमाड जमीन, पाऊस पडला तर बाजरी, नाहीतर तेवढंही नाही. 1972 च्या दुष्काळानंतर दादा ऊसतोडीला जायला लागले, ते शरीर थकेपर्यंत जात राहिले. मुकादमाची उचल पावसाळ्यातच खाऊन झालेली असायची. दिवाळीच्या आगंमागं ट्रक यायचा. त्यात बैल, गाडीचा सांगाडा, कोयते, पिठाचे डबे, शेळी आणि या सगळ्याच्या फटीफटीतनं आम्ही लेकरं. कृष्णाकाठच्या कारखान्याजवळ गाडीतळ असायचा. तिथं बांबूच्या चटया कमानीसारख्या वाकवून, वरून पाचट टाकून कोपी उभी राहायची. वाकूनच आत जायचं आणि वाकूनच बाहेर यायचं. चूल मात्र बाहेर. तीन दगड मांडले की झाली.

त्या चुलीवर माय जे काही शिजवायची, त्याला एकच माप होतं: गाडी निघायच्या आत व्हायला पाहिजे. पहाटे चारला गाड्या फडाकडं निघायच्या. म्हणजे मायला अडीचला उठायला लागायचं. बारा-चौदा भाकरी, एक कोरड्यास, दादांची शिदोरी वेगळी, कारण ऊस घेऊन कारखान्यावर गेलेली गाडी कधी खाली होईल ते तिथल्या देवालाच माहीत. कधी कधी ते रात्रभर गाडीखाली झोपून सकाळी यायचे.

लवकर होणाऱ्या जिनसांत पहिला मान येसरचा. मराठवाड्याबाहेर हे फारसं कुणाला माहीत नाही. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे वेगवेगळे भाजायचे, त्यात खोबरं, मिरच्या, मसाला घालायचा आणि दळून डबा भरून ठेवायचा. हे काम गावाकडं, निघायच्या आधी, सगळ्या बाया मिळून करायच्या. मग तळावर काय, लसणाची फोडणी टाकायची, पाणी ओतायचं, उकळी आली की गार पाण्यात कालवलेलं येसर सोडायचं. कोरडंच टाकलं तर गाठी होतात. दोन उकळ्या आल्या की आमटी तयार. ऐनवेळी कुणी जेवायला आलं तर तांब्याभर पाणी वाढवायचं. आता दुकानात चकचकीत पाकिटांतून झटपट काय काय मिळतं, पण आमच्या बायांनी हे कधीच करून ठेवलं होतं असं मला वाटतं. कौतुक मात्र पाकिटाचंच होतं.

दुसरं बेसन. पुण्याकडं त्याला पिठलं म्हणतात. सांजच्याला पातळ, भाकरी कुस्करून खायला. फडात न्यायचं ते घट्ट, फडक्यात बांधलं तरी सांडणार नाही असं. भाजी विकत घेणं जमायचं नाही. फडाच्या कडेला, पाटाच्या ओलीला घोळ, तांदुळजा, पाथरी उगवायची. पाथरीची कोवळी पानं तर धुवून कच्चीच भाकरीबरोबर खायची, शिजवायचाही वेळ वाचला. गावातली माणसं जनावरांसाठी वाढं मागायला यायची. वाढ्याची पेंडी दिली की एखादी भली बाई कळशीत ताक आणून ओतायची. ताक-भाकरी आणि फुटकी मिरची, याला चूलही लागत नाही.

खरी कसोटी भाकरीची, आणि भाकरीपेक्षा जाळाची. लाकूड नव्हतं. जळण म्हणजे पाचट. ते भक्कन पेटतं आणि तवा तापायच्या आत विझतं. एका भाकरीला तीन-चार मुठी लागायच्या. दवानं पाचट ओलं झालं की नुसता धूर. म्हणून एक कवळ माय कोपीत उशाशी कोरडी ठेवायची. ठिणगी पडली असती तर, हे आठवून आज माझ्या पोटात गोळा येतो. तेव्हा तिथंच डोकं टेकून झोपायचो. माझं काम जाळ घालायचं. माय भाकरी थापायची आणि मी डोळे चोळत मूठ-मूठ पाचट सरकवायची. झोप लागली की ती पाठीत कोपर मारायची.

मी चौथीत होते. शाळा दिवाळीपर्यंत, पुढं तळावर. धाकटा भाऊ वर्षाचा, त्याला सांभाळायला मला आणलं होतं. संक्रांतीच्या आसपास मी भाकरी थापायला शिकले. गावाकडून आणलेलं पीठ तोवर जुनं झालं होतं, विरी गेलेलं, थापलं की कडा चिरायच्या. मायनं आधणाचं पाणी घालून मळायचं शिकवलं. पहिल्या आठवड्यात माझ्या भाकरीचे नकाशे व्हायचे. मग एक दिवस भाकरी टम्म फुगली. त्या दिवसापासून सांजचा स्वयंपाक माझ्याकडं आला. माय फडातून आली की हातपाय धुवून सरळ जेवायला बसायची. तिला असं आयतं बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. माझी छाती फुगायची.

एका संध्याकाळी मुकादम हिशोबाला आला आणि जेवायलाच बसला. मी चूल पेटवून, बेसन टाकून, गरम भाकरी त्याच्या ताटात घातली तेव्हा त्याची बिडीही संपली नव्हती. तो खूश झाला. दादांना म्हणाला, "पोरगी चांगली उरकायलीय. पुढच्या साली हिला अर्धा कोयता धरू. दोन-तीन सालात लगीन लावलं की आख्खा कोयता झाला."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या माणसाला अर्धा म्हणतात. मुकादम काही वाईट बोलत नव्हता. त्याच्या हिशोबात ती शाबासकीच होती, आणि मीही ती तशीच घेतली. दादा काही बोलले नाहीत. माय ताटातली भाकरी तशीच धरून बसली.

रात्री कोपीत ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "उद्यापासून चुलीपाशी यायचं न्हाई."

"का? करपली व्हती का?"

"यायचं न्हाई म्हन्लं ना."

मी रडत रडत झोपले. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. दुसऱ्या दिवशी सांजच्याला ती फडातून आली, हातात पेर चिरल्याची जखम, आणि तशीच चुलीपुढं बसली. मला माझं दप्तर काढायला लावलं. त्यात एकच पुस्तक होतं, तेच पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. तिला वाचता येत नव्हतं, पण माझा आवाज थांबला की तिला कळायचं.

पुढच्या दिवाळीला ट्रक आला तेव्हा मला आजीजवळ ठेवलं. दादांचं म्हणणं होतं, "मग लेकरू कोन सांबाळंल?" माय म्हणाली, "फडात नेते." त्या साली तिनं धाकट्याला गाडीखाली झोळी बांधून झोपवलं. ते चालायला लागलेलं पोर, झोळीत किती राहणार? तोडलेल्या उसाचं टोकदार बुडखं त्याच्या टाचेत घुसलं. जखम दोन महिने वाहत होती. व्रण अजून आहे. आता तो स्वतः ट्रॅक्टर चालवतो, आणि भाऊबीजेला आला की म्हणतो, "ताईची डी.एड. माझ्या टाचेनं पास केलीय." सगळे हसतात. मीही हसते, पण ओवाळताना माझी नजर त्याच्या पायाकडं जाते.

हे सगळं मी पवनेच्या काठावर पोरींना सांगितलं नाही. सांगायला सवडही नव्हती. शेगडीतला कोळसा काही केल्या पेटेना. पाण्यावरून वारा येत होता. मसाला लावून आणलेले पनीरचे तुकडे तसेच कच्चे पडले होते, पोरी भुकेनं चिडचिड करायला लागल्या. नवरा पुठ्ठ्यानं वारा घालून घामाघूम.

मायनं थोडा वेळ बघितलं. मग तंबूवाल्या पोराला विचारून तिनं मोकळ्या जागेत तीन दगड मांडले, काटक्या गोळा केल्या. तिच्या पिशवीत काय असेल ते मला आधीच माहीत होतं: ज्वारीचं पीठ, येसरची बरणी, लसूण, तवा, पातेलं. नवऱ्यानं गमतीनं घड्याळ लावलं. काटक्या पेटल्यापासून आमटीला दुसरी उकळी येईपर्यंत अकरा मिनिटं. आजूबाजूच्या तंबूंतली दोन माणसं वासानं येऊन उभी राहिली. तिनं सवयीनं तांब्याभर पाणी वाढवलं.

भाकरी थापायला लागली तेव्हा माझी धाकटी, सहावीतली, तिच्याशेजारी बसली. म्हणाली, "आज्जी, मला दे ना एक."

मायनं माझ्याकडं बघितलं. क्षणभर मला कोपीतला अंधार आठवला. मग तिनं पिठाचा गोळा पोरीच्या हातात दिला.

पोरीची भाकरी उचलतानाच मधोमध तुटली. तिनं घाईघाईनं दोन्ही तुकडे जोडायला सुरुवात केली, तसा मायनं तिचा हात धरला.

"मोडू दे," ती म्हणाली. "पुन्ना थाप. गाडी थोडीच निघायलीय."