तिसरी घंटा इशानंतर

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी गावाहून फोन आला. दरवर्षी येतो. मी वणीत राहतो, शाळेत शिकवतो. गाव तिथून तासाभराच्या आत आहे. फोनवर नाट्यमंडळाचा सेक्रेटरी होता, माझ्या धाकट्या भावाच्या वर्गातला.

"सर, नाटक ठरलं जी. सामाजिक हाय, तीन अंकी. तुमची भूमिका पक्की करून टाकली."

"कोणती?"

"रहीमचाचा. तुमच्याबिगर कोन करन?"

मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. एरवी मी लगेच हो म्हणतो. यंदा का म्हणालो नाही, ते मलाही दोन दिवसांनी कळलं.

आमच्याकडच्या नाटकांची ज्यांना कल्पना नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या तालुक्यातून वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो. तिथून पुढे गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडे पसरलेला धानाचा आणि जंगलाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. तिथल्या रंगभूमीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या सुमाराला संपतो. देसाईगंज, म्हणजे लोकांच्या तोंडचं वडसा, हे तिचं मुख्य ठाणं. नाट्यकंपन्यांच्या कचेऱ्या तिथे आहेत आणि गावोगावची माणसं तिथे जाऊन आपल्या गावासाठी तारीख धरतात. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटे संपतं. पेटी, तबला, अलीकडे ऑक्टोपॅड. गाणी, विनोद, मारामारी, रडारड, सगळं एकाच रात्रीत. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या गावातही पेढे वाटले होते.

आमचा तालुका कापसाचा, त्यामुळे आमची गणना काही झाडीपट्टीत होत नाही. पण नदीपलीकडचं वारं इकडे येतंच. आमच्या गावात कंपनी आणण्याऐवजी पोरंच नाटक बसवतात. बायकांच्या भूमिकांसाठी तेवढ्या बाहेरून कलावंत बोलावतात, बाकी सगळे गावचेच. वर्गणी कापसाच्या वेचणीवर अवलंबून. नाटकाची रात्र आमच्याकडे शंकरपटाला जोडलेली असायची: दिवसा बैल धावणार, रात्री माणसं रंग लावणार. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. पट थांबला, पाहुणे यायचे थांबले आणि नाटकही लंगडलं. डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून पुन्हा परवानगी मिळाली, तेव्हा मंडळाने जुन्या पेटीतून पडदे बाहेर काढले. उंदरांनी राजवाडा खाल्ला होता, जंगल शिल्लक होतं.

त्या पडद्यांपुढे माझे अब्बा उभे राहत.

अब्बांना गाव 'मास्तर' म्हणायचं. ते शाळामास्तर नव्हते, पेटीमास्तर होते, आणि चांगला आवाज असल्यामुळे भूमिकाही करायचे. मी सहा-सात वर्षांचा असताना त्यांनी एका नाटकात कर्जबाजारी पाटील केला होता. मुलीच्या लग्नासाठी तो शेवटचं शेत विकतो आणि मांडवात कुणाला काही कळू देत नाही. मुलीला निरोप देतानाचं त्यांचं भाषण सुरू झालं की बायकांच्या बाजूने हुंदके ऐकू यायचे. दुसऱ्या दिवशी विहिरीवर माझ्या दादीला एकीने विचारलं होतं, "मास्तरनं खरंच वावर इकलं का वो?" दादी तीन दिवस हसत होती.

आमच्या गावात तिसरी घंटा इशाच्या नमाजनंतर व्हायची. हे कुणी ठराव करून ठरवलं नव्हतं. पेटीवाला मशिदीतून यायचा होता, एवढंच कारण. आणि नाटक पहाटे संपलं की अब्बा तसेच फजरला जायचे. एकदा रंग नीट उतरला नव्हता. खोबरेल लावून पुसला तरी कपाळावर पाटलाच्या गंधाची रेघ राहिलीच. मशिदीच्या दारात आमचे त्या वेळचे पेशइमाम उभे होते. म्हातारे, कडक, आम्ही पोरं त्यांना घाबरायचो. त्यांनी अब्बांकडे पाहिलं, खांद्यावरचा रुमाल हौदात बुडवला, स्वतःच्या हाताने ती रेघ पुसली आणि म्हणाले, "चलो, जमात खडी हो रही है." नंतरही त्या विषयावर ते कधी काही बोलले नाहीत.

मग १९९२ चा डिसेंबर आला. आमच्या गावात काही झालं नाही. दगड नाही, शिवी नाही. बातम्या आल्या, लोक पारावर जरा कमी बसले, एवढंच. त्यानंतरच्या हंगामात मंडळाने नाटक निवडलं आणि अब्बांच्या वाट्याला पहिल्यांदा एक खानसाहेब आला. कुणी मुद्दाम केलं असंही म्हणता येणार नाही. "मास्तर हायेतच की," असं कुणीतरी सहज म्हणालं असणार. अब्बांनी ती भूमिका केली, चांगली केली. त्यानंतर त्यांनी फक्त पेटी वाजवली. का, ते आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मी स्वतः आजवर तीनदा रंगमंचावर उभा राहिलो. एकदा सुलतानाचा सरदार, एकदा व्याजाने पैसे देणारा पठाण, एकदा गावासाठी जीव देणारा भला चाचा. या अनुभवावरून मी एक नियम काढला आहे. नाटकातला वाईट मुसलमान दुसऱ्या अंकात मारला जातो आणि चांगला मुसलमान तिसऱ्या अंकात स्वतःहून मरतो. नायकाबरोबर शेवटच्या गाण्याला उभा राहणारा मुसलमान मी तरी अजून केलेला नाही. यंदाचा रहीमचाचाही तिसऱ्या अंकात, गावातलं भांडण मिटवताना, काठी लागून जातो. मी संहिता न वाचताच सेक्रेटरीला विचारलं होतं, "कितव्या अंकात मरतो?" तो म्हणाला, "तुमाले कसं मालूम जी?"

मला त्याचा राग आलेला नाही. तो पोरगा माझ्या घरी शेवया खाऊन मोठा झाला आहे. म्हणूनच हे त्याच्याशी बोलायला अवघड जातं. द्वेषाला उत्तर देता येतं, सवयीला उत्तर देताना आपणच उगाच खुसपट काढतोय असं वाटू लागतं.

पण मराठी नाटकाला ही सवय पहिल्यापासून होती का? गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली. पुढे त्या मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा होते आणि सारंगीवर कादरबक्ष. 'संगीत स्वयंवर' या १९१६ च्या नाटकाला चाली देणारे भास्करबुवा बखले यांची तालीम फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे झालेली. रंगमंचावर रुक्मिणी गात होती. ती रुक्मिणी म्हणजे साडी नेसलेले बालगंधर्व, आणि तिच्या गाण्याला ठेका मुरादाबादकडचा एक मुसलमान देत होता. त्या रात्री थिएटरात बसलेल्या कुणालाही हे विचित्र वाटलं नसेल. त्याआधीच्या तमाशाच्या फडात पेशवाईतले सगनभाऊ मुसलमान होते, लावण्या रचत होते. बार्शीचे अमर शेख, मूळचे महबूब हुसेन पटेल, डफ घेऊन संयुक्त महाराष्ट्रासाठी गात होते. यांतला कुणीही 'मुसलमानाच्या भूमिके'साठी बोलावलेला नव्हता.

नाटकाची गंमतच ती आहे. पुरुष बाई होतो, गडी राजा होतो, कर्जबाजारी माणूस सावकार होऊन दोन तास ऐटीत बसतो. ज्याने त्याने आपापल्या जातीधर्माचंच सोंग घ्यायचं ठरवलं, तर ते नाटक राहत नाही, जनगणना होते.

इथे कुणी म्हणेल, मग आपली कथा आपण सांगायचीच नाही का? सांगायचीच. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं, त्यावरून मोठा वाद झाला आणि शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची ही पत्नी, आपल्याच जिल्ह्यातली. त्यांनी 'तेरवं' या नाटकात कामही केलं होतं. तिथे त्या बाया आपलंच दुःख घेऊन उभ्या होत्या आणि ते त्यांनी स्वतः निवडलं होतं. कुणी निवडून उभं राहणं वेगळं आणि कुणाला पाहताच "ही भूमिका तुझीच" म्हणणं वेगळं.

आता आपल्याही घरात डोकावू. अब्बा पेटी वाजवायचे तेव्हा मोहल्ल्यातले आठ-दहा जण तालमीला बसायचे. आज मी एकटा जातो. "ये सब अपना काम नहीं," असं आता घराघरांत ऐकू येतं, आणि तेही ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यांकडून नाही, पंचविशीच्या पोरांकडून. मंडळाने आपल्याला एका भूमिकेत कोंडलं हे खरं. पण उरलेल्या भूमिका मागायला आपण गेलो कधी? माझी भाची कॉलेजात शिकते. यंदा तिने एकांकिकेत झाशीच्या राणीची सखी केली आणि घरी सांगितलं नाही. मला मात्र फोटो दाखवला. म्हणाली, "मामू, राणीचं काम पण पाठ होतं मला." त्या "पण पाठ होतं"ने मला दोन रात्री झोप लागू दिली नाही. माझी तक्रार मी मंडळाविरुद्ध लिहीत होतो आणि तिची तक्रार माझ्याविरुद्धही होती. बहिणीशी मी बोललो आहे. अजून हो नाही, पण दारही लावलेलं नाही.

रविवारी गावात संहितेचं वाचन होतं. मी गेलो. सतरंजीवर पंधरा-वीस जण, मधे चहाची किटली. अब्बांची पेटी अजून मंडळाकडेच आहे. तिच्या दोन पट्ट्या बसल्या आहेत. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "मी यंदा पाटील करतो. रहीमचाचा पाटलाच्या पोराला द्या."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. पाटलाचा पोरगा माझ्याकडे आणि सेक्रेटरी छताकडे पाहत होता. मग कोपऱ्यातून आमचे म्हातारे तबलजी बोलले. ते अब्बांच्या वेळचे आहेत, आता त्यांना नीट दिसत नाही.

"कायले तोंडं पाहून राह्यले बे? याच्या बापानं केला होता पाटील. बाया रडल्या होत्या, बाया!"

"ते ठीक हाय," सेक्रेटरी म्हणाला, "पन दाढी?"

"दाढी बाजारात भेटते," म्हातारे म्हणाले. सगळे हसले आणि वाचन पुढे सरकलं. ठराव झाला नाही, टाळ्या झाल्या नाहीत. पाटलाच्या पोराने संहिता घरी नेली, मी माझी नेली.

त्याच रात्री अकराच्या सुमाराला त्याचा फोन आला.

"सर, एक इचारू का? यात जागोजागी 'इन्शाअल्ला' हाय. हे नेमकं कवा म्हनतात जी?"

मी त्याला सांगितलं: करायचं सगळं आपण करायचं, पण होणं न होणं आपल्या हातात नसतं, तिथे म्हणायचं. अल्लाहने चाहिलं तर.

तो थोडा थांबला. "म्हंजे कापसाच्या भावासारखं."

"तसंच."

"मंग ठीक हाय," तो म्हणाला. "नाटक पटाच्या रातीच लावू, सर. भाव भेटला तर नवा पडदाही घेऊ. इन्शाअल्ला."

उच्चार अजून सुधारायला हवा. तालमी सुरू व्हायच्या आहेत, वेळ आहे. तिसरी घंटा नेहमीप्रमाणे इशानंतरच होईल, तेव्हा जेवून या आणि सोबत घोंगडी आणा. पहाटे थंडी वाजते.