सीप्झच्या वाटेवरून स्पेनकडे

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांचे कोणी ना कोणी मुंबईच्या उपनगरात असतेच. कुणाचा मुलगा बोरिवलीला, कुणाची लेक मुलुंडला, कुणाचा भाचा घाटकोपरला खोली घेऊन राहिलेला. आणि अलीकडे यांतलेच कोणी सुट्टीत घरी आले की जेवताना हळूच विषय काढते, "वर्षभर स्पेनला जाऊन राहीन म्हणतेय. नोकरी हीच, इथलीच. काम फक्त तिथून करायचे." ऐकणाऱ्याच्या हातातला घास हातातच राहतो. नोकरी अंधेरीची आणि राहायचे स्पेनला, ही काय भानगड? तेवढ्यासाठी आज तुम्हाला अंधेरीपर्यंत नेतो.

एसटीने आलात तर बोरिवलीला नॅन्सी कॉलनीच्या आगारात उतरा आणि लोकलने अंधेरी गाठा. मुलुंडकडून येणाऱ्याने घाटकोपर गाठावे. घाटकोपर आणि अंधेरी यांना जोडणारी मेट्रो २०१४ साली सुरू झाली. तिने मरोळ नाक्याला यायचे आणि तिथून जमिनीखालची दुसरी मेट्रो धरायची. तिचे एक स्थानकच 'सीप्झ' नावाचे आहे. या बाजूला, मरोळ-कोंडिविट्याकडे, एके काळी भाताची खाचरे होती हे आज सांगून पटणार नाही. १९७३ साली सरकारने इथे कुंपण घालून निर्यातीच्या मालाचे कारखाने वसवले. आधी इलेक्ट्रॉनिक्स आले, मागून संगणकाचे काम आले आणि हिरे-दागिन्यांचेही. परदेशी गिऱ्हाईकाचे काम इथे बसून करायचे, ही रीत या कुंपणात चांगली मुरली. आता लेक म्हणते आहे ते त्याच्या उलट. काम इथले, बसायचे परदेशात.

याच कुंपणाच्या आत एका चर्चचे पडके अवशेष आहेत. पास असल्याखेरीज आत सोडत नाहीत, तेव्हा ऐकूनच घ्या. पोर्तुगीज जेझुइटांनी १५७९ साली हे संत जॉन बाप्तिस्ताचे चर्च बांधले. १८४० च्या सुमारास साथीच्या रोगामुळे वस्ती उठली आणि ते ओस पडले. १५३४ पासून ही सारी साष्टी पोर्तुगिजांकडे होती. पुढे १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई सर केली. पण मधली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. १५८० साली पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे गेली आणि १६४० पर्यंत दोन्ही मुकुट एकाच डोक्यावर राहिले. म्हणजे हे चर्च नवे होते तेव्हा अंधेरीच्या भातखाचरांचा धनी स्पेनचा राजा होता! कारभार अर्थात पोर्तुगिजांचाच चाले.

पोर्तुगीज गेले, पण त्यांचे शब्द आपल्या घरात राहिले. चावी, मेज, पाव, पगार, बटाटा हे सगळे त्यांचेच. आणि पोर्तुगीज व स्पॅनिश या सख्ख्या बहिणी. त्यामुळे स्पॅनिश शिकायला बसलेल्या मराठी माणसाला मधूनच घरचे कोणी भेटल्यासारखे होते. मेजाला तिकडे 'मेसा', पावाला 'पान', चावीला 'यावे'. 'पगार' हा शब्द तर जसाच्या तसा, फक्त तिकडे त्याचा अर्थ 'पैसे देणे'. म्हणजे देणाऱ्याच्या बाजूचा शब्द आपण घेणाऱ्याच्या बाजूला ठेवून घेतला. मात्र बाजारात जपावे. 'बाताता' मागितलात तर पदरात रताळी पडतील. बटाट्याला स्पेनमध्ये 'पाताता' आणि दक्षिण अमेरिकेत 'पापा' म्हणतात.

आपल्या जिभेला ही भाषा इंग्रजीपेक्षा सोपी जावी असे माझे मत आहे. त्यांचे त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे. क्रियापदावरूनच कर्ता कळतो, आपल्या 'जातो', 'जाते', 'जातोस' यांत कळतो तसा, म्हणून 'मी' आणि 'तू' गाळले तरी चालतात. मोठ्यांशी बोलायची रीत वेगळी, बरोबरीच्याशी वेगळी. लिंगे दोनच, आपले नपुंसकलिंग तिकडे नाही. भेटल्यावर म्हणायचे 'ओला'. (दुष्काळी भागातल्या वाचकांना हा नमस्कार विशेष आवडावा.) अडते ते एका ठिकाणी. आपल्या एका 'आहे'साठी त्यांच्याकडे दोन क्रियापदे आहेत. 'ती शेतकरी आहे' यातले आहे वेगळे आणि 'ती दमलेली आहे' यातले वेगळे. ते अंगवळणी पडायला महिने जातात. भाषेची पायरी दाखवणाऱ्या परीक्षा असतात, एकूण सहा पायऱ्यांच्या. स्पेन सरकारच्या सेर्वांतेस संस्थेचे दिल्लीत २००९ पासून केंद्र आहे.

आता मुख्य मुद्दा, आणि तो नीट वाचा, कारण यात घरचा पैसा अडकू शकतो. डिसेंबर २०२२ मध्ये स्पेनने कायदा करून दूरून काम करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा काढला. त्याची अट अशी की नोकरी स्पेनबाहेरच्या कंपनीची आणि आधीपासून हातात असलेली हवी, निदान तीन महिन्यांची. दूरून काम करायला हरकत नाही असे कंपनीचे पत्र हवे. पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव हवा, पोलिसांचा दाखला हवा, विमा हवा. आणि उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या दुप्पट हवे. २०२५ च्या दराने ते महिना सुमारे २,७६० युरो, म्हणजे पावणेतीन लाख रुपयांच्या आसपास जाते. अंधेरीतल्या पुष्कळ पोरांचा पगार तिथवर पोहोचत नाही, हे आधीच जाणून असावे. इथून मिळतो तो व्हिसा एका वर्षाचा. वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिले की तिथला कर लागू होतो, म्हणून निघण्याआधी जाणत्या सनदी लेखापालाला विचारावे.

यावरून एक गोष्ट उघड होते. "स्पेनमध्ये नोकरी लावून देतो, याच व्हिसावर पाठवतो, चार लाख काढा" असे कुणी गावात येऊन सांगू लागला तर तो खोटे बोलतो आहे. या व्हिसात नोकरी लावायचा प्रश्नच येत नाही, ती आधीच असावी लागते. त्याच्यासाठी बैल विकू नका, जमीन गहाण टाकू नका. कागद मुंबईतल्या स्पेनच्या वकिलातीच्या ठरलेल्या केंद्रावर ज्याचे त्याने द्यायचे असतात.

लेक गेलीच, तर तिला एका गुरुवारी वालेन्सिया शहरात जायला सांगा. तिथल्या मोठ्या चर्चच्या दाराशी दर गुरुवारी दुपारी बारा वाजता शेतकऱ्यांची पाणी-पंचायत बसते. पाटाच्या पाण्यावरून झालेले तंटे शेतकऱ्यांनीच निवडलेले पंच तोंडी ऐकतात आणि तिथल्या तिथे निकाल देतात. वकील नाही, तारीख नाही! शेकडो वर्षे हे चालू आहे आणि २००९ साली युनेस्कोने त्याला मानाच्या यादीत घेतले. आपल्या खानदेशातली पांझरेकाठची फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. कामकाज स्पॅनिशमध्ये नव्हे, वालेन्सियन भाषेत चालते, तेव्हा लेकीच्या वर्षभराच्या अभ्यासाची तिथे पंचाईत होईल. पण पाटाला स्पॅनिशमध्ये 'आसेकिया' म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी, पाणी आणणाऱ्यांनी मागे ठेवलेला. दक्षिणेला ग्रानादाच्या किनाऱ्यावर सीताफळाच्या जातीचे 'चिरिमोया' पिकते आणि आल्मेरियाकडे मैलोन् मैल प्लास्टिकखाली टोमॅटो-मिरची. फोटो पाठवायला सांगा, आणि पाण्याचा दर काय, मजुरी काय, हेही विचारा. त्यासाठी तिला चार माणसांशी त्यांच्या भाषेत बोलावेच लागेल.

फोन कधी करायचा, तेही सांगून ठेवतो. उन्हाळ्यात स्पेनचे घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास असते, हिवाळ्यात साडेचार. आपल्याकडे संध्याकाळी धारा काढून झाल्या की तिथे दुपार असते, आणि तेव्हा ती बहुधा कामात असेल. आपली रात्रीची जेवणे आटोपल्यावर केलात तर निवांत बोलेल.