निळं कुत्रं

२०१७ च्या ऑगस्टात तळोजा एमआयडीसीत निळी कुत्री फिरत होती. खरोखरची निळी. कारखान्यातला रंग त्यांच्या अंगाला लागला होता. वर्तमानपत्रांत फोटो आले, प्रदूषण मंडळाने कारवाई केली, कासाडी नदीबद्दल पुन्हा चार दिवस बोलणं झालं. त्यातलं एक कुत्रं आमच्या गेटसमोर येऊन बसलं तेव्हा कॅन्टीन रिकामं झालं, सगळे मोबाइल घेऊन बाहेर धावले. मी मस्टरवर सही केली आणि आत गेलो.

टाइम ऑफिसातल्या काकांनी ते पाहिलं.

दोन दिवसांनी नाईट संपवून निघालो तर त्यांनी हाताने खुर्ची दाखवली.

“कुत्रं बघितलंस?”

“हो.”

“मग?”

त्या ‘मग’ला मला उत्तर सुचेना. काकांनी मस्टर उलटं फिरवून माझ्यासमोर ठेवलं. मार्चमध्ये माझी पूर्ण सही, खाली दोन ठिपके. मेमध्ये नुसती आद्याक्षरं. आता एक रेघ. “सायरनच्या आधी दहा मिनिटं येणारा माणूस तू. डबा वॉचमनला देऊन टाकतोस. काय झालंय?”

मला वाटत होतं, थकलोय. पहाटे तीनला जाग यायची आणि छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. बॅचशीटवर साधं तापमान लिहायचं तर आकडा दोनदा तपासायचो, तरी चुकल्यासारखं वाटायचं. मुलीने चित्र दाखवलं की “छान” म्हणायचो, न बघताच. फेज टूमधल्या आमच्या घरात रात्री जो उग्र वास शिरायचा, ज्याबद्दल सोसायटीतर्फे मीच तक्रारी लिहायचो, तोही नाकाला लागेनासा झाला होता. रडू मात्र येत नव्हतं. डिप्रेशन म्हणजे रडणं, अशी माझी समजूत. त्यामुळे ते आपल्याला नाही, हे मी ठरवूनच टाकलं होतं. आम्लपित्ताच्या गोळ्या घेत होतो.

काकांनी आवाज न बदलता विचारलं, “जिवाचं बरंवाईट करावंसं मनात येतं?”

“तसं नाही. झोपलो की उठूच नये, एवढंच.”

“एवढंच नसतं ते,” काका म्हणाले. “रविवारी ठाण्याला जाऊ.”

मी भडकलो. मराठी माणसाला ‘ठाण्याला’ म्हटलं की एकच अर्थ कळतो. १९०१ सालच्या त्या मनोरुग्णालयाने आख्ख्या शहराचं नाव खाल्लंय. त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली, तिथे चांगली धडधाकट माणसंही बोलायला जातात, हे मला कुठे ठाऊक होतं! काका हसले. “अरे, डॉक्टर ठाण्यात बसतो त्याला मी काय करू? आमच्या घरात हे होऊन गेलंय.” याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

रविवारी दिवा गाडीने गेलो. हक्काची सुट्टी माझ्यापायी घालवून काका बाहेर बाकावर बसून राहिले.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न, हे किती दिवस आहे? दोन आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोज, आणि आवडीच्या गोष्टीतही मन नाही, असं असलं की ते दुर्लक्ष करत नाहीत. मग थायरॉइड, बी-ट्वेल्व, हिमोग्लोबिन. सगळं नीट निघालं आणि मी हिरमुसलो. रक्तात काही सापडलं असतं तर घरी सांगायला सोपं गेलं असतं. मी एकच कारण हुडकत होतो: वडील गेले ते, की घराचे हप्ते? डॉक्टर विचारत राहिले फिरत्या शिफ्टबद्दल, झोपेबद्दल, घराण्याबद्दल. तेव्हा आत्या आठवली. वर्षातले काही महिने मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिला ‘बाहेरचं’ झालंय म्हणायचे. नारळ उतरवले, गंडे बांधले. डॉक्टर कुणी दाखवला नाही. एवढं सगळं एकमेकांवर रचलं गेलं होतं, वडिलांचं जाणं वरून पडलं, इतकंच.

गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात. दहाव्या दिवशी मी त्या सोडणार होतो. तेव्हा काका रोज गेटवर फक्त दोन बोटं वर करायचे. अर्थ: घेतलीस का? मी मान हलवायचो. कंपनीत कुणाला काही कळलं नाही. नोव्हेंबरात एका पहाटे वासाने जाग आली आणि मी शिव्या घालत खिडकी लावली. बायको अंधारात हसली की रडली, कळलं नाही.

काका पुढे निवृत्त झाले. हजेरीला आता चेहरा ओळखणारं यंत्र आहे. ते चेहरा ओळखतं, बस्स. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी नोटीस बोर्डावर लावलाय. तेव्हा तो नव्हता, काका होते.

मध्यंतरी पेंधरच्या मेट्रो स्टेशनात भेटले. नातवाचा हात धरून होते. तब्येत विचारली नाही. विचारलं, “कुत्री कसली आहेत रे हल्ली गेटवर?”

“दोन तांबडी. एक काळं, शेपटी तुटकी. आणि एक पांढरी कुत्री आहे, मागच्या डाव्या पायाने लंगडते. बिस्किटं खात नाही, चपातीच लागते.”

काकांनी नातवाकडे पाहिलं आणि दोन बोटं वर केली.

“वर्षापूर्वीच बंद झाल्या,” मी म्हटलं. “डॉक्टरांनीच कमी करत आणल्या.”