खर्जाचे घर

होम थिएटरचे सारे वैभव पडद्याच्या लांबीरुंदीवर अवलंबून असते असा समज सर्वत्र रूढ आहे. परंतु देवळांच्या मंडपांत, जत्रेतील नाटकांच्या रंगमंचांवर आणि गृहस्थांच्या बैठकीच्या खोल्यांत ध्वनियंत्रणा उभारण्यात ज्याचे आयुष्य गोव्यातील डिचोली आणि पेडणे महालांत गेले, त्या माझ्यासारख्याच्या मते त्या वैभवाचा पाया खर्जात आहे, आणि हा खर्ज बाजारातून उचलून आणलेल्या तयार डब्यापेक्षा आपल्या खोलीचा विचार करून स्वहस्ते बांधलेल्या पेटीतून अधिक निर्मळ उमटतो.

सबवूफर हा ज्या प्रदेशाचा कारभारी, तो प्रदेश मुळात दुर्गम आहे. माणसाच्या कानाची हद्द सेकंदाला 20 कंपनांपासून 20,000 कंपनांपर्यंत मानतात, आणि सबवूफरकडे त्यांतला 20 ते 80 हर्ट्झ एवढाच तळाचा पट्टा साधारणतः सोपवला जातो. चित्रपटांच्या ध्वनिपट्टीत खर्जासाठी जी स्वतंत्र वाहिनी राखलेली असते तिची मजल 120 हर्ट्झपर्यंत जाते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे 69 हर्ट्झवर बोलते, म्हणजे ज्या स्वराला आपण खोल म्हणून वाखाणतो तो या प्रदेशाच्या वरच्या वेशीवर उभा आहे. त्याखाली उतरावे तसा कान कृपण होत जातो, आणि 20 हर्ट्झचा ध्वनी नुसता जाणवावा म्हटले तरी तो सत्तर डेसिबलपेक्षा अधिक बळाचा लागतो. शिवाय 40 हर्ट्झला जेवढा आवाज मिळतो तेवढाच 20 हर्ट्झला हवा असेल, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर मागेपुढे धावावे लागते. एकट्या पडद्यावर हा बोजा टाकला तर तो लवकरच थकतो, म्हणून पेटीतील हवेला कामास लावण्याची तजवीज करणे हेच या विद्येतले खरे कौशल्य होय.

हे कौशल्य माझ्या सुर्ला गावातल्या माणसाला समजावून सांगण्यासाठी मला पुस्तक उघडावे लागत नाही. चतुर्थीच्या आरतीला शामेळ आणि कासाळे यांच्या साथीने जे घुमट घरोघर वाजते ते हातात घेतले की पुरे. कुंभाराने भाजलेल्या त्या मडक्याचे रुंद तोंड चामड्याने मढवलेले असते आणि दुसरे, अरुंद तोंड उघडे ठेवलेले असते. वाजवणारा उजव्या हाताने चामड्यावर थाप देतो आणि डाव्या हाताचा पंजा त्या उघड्या तोंडावर कमीअधिक झाकून नादाला वळण देतो. पूर्वी हे चामडे घोरपडीचे असे; 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती वहिवाट बेकायदा ठरली आणि बकऱ्याच्या चामड्याने तिची जागा घेतली. या वाद्याच्या पोटातली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि उसळते, अरुंद तोंडातली हवा वजनासारखी तिच्या बळावर मागेपुढे झुलते, आणि या दोहोंच्या मेळाने पोकळीचा स्वतःचा असा एक स्वर मुक्रर होतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात याच अनुनादाचे गणित मांडले. बेल प्रयोगशाळेतील आल्बर्ट थुरास याने त्या तत्त्वावर स्पीकरच्या पेटीला तोंड ठेवण्याच्या युक्तीसाठी 1930 साली अर्ज करून 1932 साली एकस्व मिळवले. आणि ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी 1961 साली, व त्यांच्यामागून रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरीच्या दशकाच्या आरंभी, त्या पेटीचे असे चोख हिशेब घालून दिले की गावातल्या सुताराकडूनही ती अचूक बनवून घेता यावी.

मी बांधली ती पेटी बारा इंची स्पीकरसाठी होती. हा स्पीकर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवला, आणि निवडताना वॅटच्या आकड्यांची जाहिरात बाजूला सारून दोन गोष्टी तपासल्या. पहिली, स्पीकरची स्वतःची कंप्रता आणि त्याच्या आवरतेपणाचा जो आकडा क्यूटीएस या नावाने तपशिलात दिलेला असतो तो. हा आकडा 0.4च्या आसपास किंवा त्याखाली असेल तर तोंड ठेवलेली पेटी मानवते, आणि बराच वर असेल तर चारही बाजूंनी बंद पेटीच करणे शहाणपणाचे. दुसरी, पडद्याची कड रबराची आहे की फोमची. कारण आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात फोमची कड काही वर्षांत भुगा होऊन गळू लागते, तेव्हा गोव्यात राहणाऱ्याने रबराखेरीज दुसरा विचार करू नये.

पेटी आतून 40, 50 आणि 55 सेंटिमीटर, म्हणजे 110 लिटर. त्यातून आडवे टेके, नळी आणि स्पीकरचा मागचा भाग यांनी व्यापलेली जागा वजा जाता शंभर लिटर हवा शिल्लक राहते. फणसाचे लाकूड आमच्या मेस्ताला, म्हणजे सुताराला, प्रिय, आणि वाद्यासाठी ते उत्तमच. पण सबवूफरच्या भिंतींनी स्वतः बोलताच कामा नये, म्हणून 18 मिलिमीटरचे मरीन प्लायवुड घेतले. मेस्त म्हणाले, “मास्तर, एवढे टेके कपाटालासुद्धा घालत नाही.” मी त्यांना समोरासमोरच्या दोन फळ्यांवर तळवे ठेवायला लावून आत सूर सोडला, टेक्याआधी आणि टेक्यानंतर, त्यानंतर त्यांनी आपण होऊन आणखी एक टेका ठोकला. प्रत्येक सांध्यात फेविकॉल भरून, स्क्रू आवळून, आतून पुन्हा सांधे लिंपले, कारण केसाएवढ्या फटीतूनही खर्ज शिटी घालत निसटतो.

शंभर लिटर हवेला 25 हर्ट्झचा स्वर द्यायचा तर दहा सेंटिमीटर व्यासाची नळी सुमारे तीस सेंटिमीटर लांब लागते. नळाच्या दुकानातली पीव्हीसीची नळी या कामाला उत्तम. मात्र ती आरंभी लांबच कापावी आणि मोजून मोजून कमी करावी, आणि तिची दोन्ही टोके गोलाकार घासावीत, नाहीतर मोठ्या आवाजात हवा फुसफुसते.

आता या साऱ्या खटाटोपातला मला सर्वांत प्रिय क्षण येतो. सूर उत्पन्न करणारे यंत्र ॲम्प्लिफायरला जोडून 50 हर्ट्झपासून सावकाश खाली उतरत जावे. पडदा अधिकाधिक धावताना दिसतो, आणि पेटीचा मुक्रर स्वर जवळ आला की एकाएकी तो जवळजवळ स्तब्ध होतो. आवाज मात्र घटत नाही. हात नळीच्या तोंडाशी न्यावा तो तेथे वारा वाहतो आहे. पडद्याने आपला भार हवेच्या स्वाधीन केला, ही गोष्ट डोळ्यांनी आणि तळहाताने एकाच वेळी पटते. मोजमापाने तिची खात्री करायची तर मालिकेत एक रोधक घालून स्पीकरचा विद्युतविरोध मापावा, दोन शिखरांच्या मधली जी दरी लागते तोच पेटीचा स्वर. त्या स्वराच्या खाली हवा पडद्याला आधार देत नाही, तो अनावर धावतो, म्हणून सुमारे 20 हर्ट्झखालचे अडवणारा फिल्टर ॲम्प्लिफायरमध्ये असणे अत्यावश्यक आहे. त्यात कसूर झाली तर चांगला स्पीकर चित्रपटातल्या एका भूकंपाच्या प्रसंगात निकामी होतो. ही सारी मोजमापे, खनिजाचे ट्रक दिवसभर धावत त्या काळात आम्हाला रात्री करावी लागत, कारण लालसर धूळ उडवत जाणाऱ्या त्या भरल्या गाड्यांची थरथर थेट जमिनीतून खोलीत शिरे. 2012 साली खाणी थांबल्यावर दिवसाढवळ्या मापे घेता येऊ लागली.

पेटी तयार झाली म्हणजे काम अर्धेच झाले, उरलेले अर्धे खोलीकडे असते. पाच मीटर लांबीच्या खोलीत 34 हर्ट्झच्या सुमाराचा आणि चार मीटर रुंदीत 43 हर्ट्झचा स्वर दोन भिंतींमध्ये अडकून फुगतो, तर ठिकठिकाणी नाहीसाच होतो. जुन्या घरांच्या जाड चिऱ्यांच्या भिंती खर्ज निष्ठुरपणे परतवतात, पण वर कौले असली तर त्याला आकाशाची वाट मोकळी राहते आणि खोली कमी गाजते. स्लॅबच्या नव्या घरात ती सोय नाही. कौलारू घराचे दुसरे दुखणे म्हणजे कौलांची आणि खिडक्यांच्या कड्यांची किणकिण, तीवर कड्यांना फेल्टचा तुकडा लावणे हाच उपाय. खोलीचा हा प्रभाव लक्षात घेता दोन इंचांचे माप चुकलेली पेटी चांगल्या जागी ठेवावी, पण अचूक पेटी वाईट कोपऱ्यात कोंबू नये, असे माझे ठाम मत आहे.

जागा शोधण्याची जुनी आणि सोपी रीत अशी की, पेटी आपल्या बसण्याच्या खुर्चीवर ठेवून खर्जाचा एखादा संथ सूर वाजवावा, आणि स्वतः गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेने फिरावे. कान जमिनीच्या पातळीवर असताना जेथे स्वर सर्वांत समतोल ऐकू येतो तेथे पेटीचे कायमचे ठाणे. मग सबवूफर आणि मुख्य स्पीकर यांच्यातला कंप्रतेचा छेद 80 हर्ट्झवर ठेवावा, मुख्य स्पीकरशी फेज जुळवावा, आणि आवाज असा बेताचा ठेवावा की पाहुण्याला पेटी चालू असल्याचे कळू नये, बंद केली तर मात्र उणीव जाणवावी. धडधडीचा हव्यास धरणाऱ्या गिऱ्हाइकांना मी हे दर वेळी आर्जवाने सांगतो, कारण ज्याने पखवाजाची साथ जवळून ऐकली आहे त्याला खर्जाची मर्यादा माहीत असते, आणि चित्रपटातही ती मर्यादा पाळली तरच संवाद स्वच्छ राहतो.

सुर्ल्यातील माझ्या बैठकीत ती जागा दाराच्या डाव्या हाताला, भिंतीपासून दीड हातावर निघाली. तेथे पूर्वीपासून कपड्यांचे कपाट होते. घरच्या मंडळींनी ते आतल्या खोलीत हलवण्यास हरकत घेतली नाही, आणि मेस्तांनी जाता जाता पेटीच्या तळाला रबराचे चार पाय बसवून दिले.