पोकळीची मापे

संग्रहालयात जुने वाद्य पाहताना नजर आधी बाहेरच्या कातकामावर ठरते. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात पीटर ब्रेसां याने घडवलेला एक रेकॉर्डर आहे. पाव्यासारखे उभे धरून फुंकायचे हे वाद्य. पिएर जाय्यार हा फ्रेंच कारागीर १६८८मध्ये लंडनला आला, ब्रेसां या नावाने प्रसिद्ध झाला आणि १७३१मध्ये वारला. त्याच्या वाद्यांचे डौलदार फुगवटे आणि लाकडावर उमटवलेला नावाचा शिक्का पाहताना मन रमते. पण मला ओढ लागते ती न दिसणाऱ्या भागाची. वाद्याचा आवाज आतल्या पोकळीत असतो.

ही पोकळी सरळ नळीसारखी नाही. ती तोंडाकडून खाली निमुळती होत जाते, आणि तो निमुळतेपणाही सगळीकडे सारखा नसतो. एखाद्या जागी केसभर जास्त कोरले तरी एक स्वर चढतो, दुसरा उतरतो. बोटांची छिद्रे बाहेरून लहान दिसतात, आतून मात्र खरवडून रुंद केलेली असतात. कारागिराने कानाने घेतलेले असे कितीतरी निर्णय तिथे अंधारात जपलेले असतात.

ते निर्णय जसेच्या तसे मात्र आपल्यापर्यंत पोचत नाहीत. अशी वाद्ये बहुधा बॉक्सवूडची. ते सावकाश वाढणारे, घट्ट विणीचे लाकूड, तरी तेही आक्रसते. वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जास्त, गाभ्याच्या दिशेने कमी. त्यामुळे जी पोकळी गोल कोरली होती ती तीनशे वर्षांत किंचित लंबगोल होते. कॅलिपर एका दिशेने लावला तर एक माप मिळते, थोडा फिरवला की दुसरे. वाजवून पाहावे, तर श्वासातला ओलावा आतले लाकूड फुगवतो, बाहेरचे कोरडेच राहते आणि तडा जाण्याची भीती असते. ज्या श्वासासाठी वाद्य जन्मले, त्याच श्वासापासून त्याला जपावे लागते. ही सक्ती कठोर आहे, पण मला ती योग्य वाटते. काही मिनिटांच्या आनंदासाठी शतकांचा पुरावा पणाला लावू नये.

मग आवाज उरतो कुठे? हॉर्निमनमधल्या याच रेकॉर्डरची कहाणी उत्तर देते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आडव्या बासरीपुढे रेकॉर्डर मागे पडला आणि जवळजवळ विस्मरणात गेला. जुन्या वाद्यांचे अभ्यासक आणि कारागीर आर्नोल्ड डोल्मेच यांनी १९०५मध्ये लंडनच्या लिलावात हे वाद्य विकत घेतले. १९१९मध्ये वॉटर्लू स्थानकावर त्यांच्या लहानग्या मुलाकडून, कार्लकडून, वाद्याची पिशवी मागे राहिली आणि रेकॉर्डर हरवला. मापे मात्र टिपलेली होती. त्यांच्या आधारे डोल्मेच यांनी नवा रेकॉर्डर घडवला, मग आणखी घडवले. १९२५मध्ये सुरू झालेल्या इंग्लंडमधल्या हेझलमिअरच्या संगीत महोत्सवातून या नव्या रेकॉर्डरांचा नाद लोकांपर्यंत गेला, आणि रेकॉर्डर पुन्हा वाजू लागला. हरवलेले मूळ वाद्य पुढे सापडले, पण तोवर त्याची लेकरे गाऊ लागली होती.

नक्कल करणाऱ्यापुढचा प्रश्न इथेच उभा राहतो. लंबगोल झालेली पोकळी तशीच उतरवली, तर ती काळाने बदललेल्या लाकडाची नक्कल होते. ती गोल केली, तर समोरच्या वाद्यापासून दूर जाऊन आपण ब्रेसांच्या हाताजवळ पोचतो. स्वराचेही तेच. सतराव्या-अठराव्या शतकातले बरोक संगीत वाजवणारे आजचे वादक सोयीसाठी मध्य सप्तकातला 'ए' सेकंदाला ४१५ कंपनांवर धरतात, ब्रेसांची वाद्ये त्याहूनही काहीशी खाली लागतात. ४१५ला बसवण्यासाठी लांबी आखडली की प्रमाणे बदलतात. म्हणून निष्ठा आणि हुबेहूबपणा यांत मी फरक करतो. निष्ठेला विवेक लागतो. काय मूळ हाताचे, काय काळाचे आणि काय आपल्या गरजेचे, हे वेगळे काढत राहावे लागते.

असा विवेक चुकू शकतो. त्यावर उपाय एकच दिसतो. संग्रहालयांनी मापे कारागिरांना खुली ठेवावीत, आणि कोणते माप जसेच्या तसे घेतले, कोणते बदलले, का बदलले, हे प्रत्येक कारागिराने लिहून ठेवावे. पुढच्या पिढीतल्या कुणाला त्याचा अंदाज पटला नाही, तर त्याला पुन्हा मूळ वाद्यापाशी येऊन नव्याने मोजता आले पाहिजे.