कुंडीच्या पाण्याचा जमाखर्च

स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाणी गाळणारे यंत्र बसले आणि घरातील माणसे त्यावाचून दुसरे पाणी तोंडाला लावीनाशी झाली, की जे पाणी आपण पिण्यास अपात्र ठरवले ते गॅलरीतल्या मोगऱ्याला आणि अनंताला तरी का घालावे, हा प्रश्न आज ना उद्या कोणीतरी काढतोच. त्यामागे भूतदया आहे, म्हणून त्याची थट्टा करू नये; परंतु माणसाच्या आतड्याला मानवणारी निर्मळता हीच मुळांचीही गरज असते हे त्यात गृहीत धरलेले असते, आणि तो समज बहुतांशी निराधार आहे.

या बाबतीत मुंबईकर भाग्यवान. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले, १८९२ साली तानशाचे. पुढे वैतरणा आणि भातसा यांची भर पडली. हे सारे डोंगरउतारावरून धावत येऊन साठलेले पावसाचेच पाणी, त्यामुळे त्यात क्षार अल्प. त्यात मिसळलेल्या क्लोरीनचा काही जण उगाच धसका घेतात. नळाशी पोचताना ते लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम उरावे अशी शासकीय मानकाची अपेक्षा असते, आणि ज्याला तेवढेही खुपते त्याने बादली रात्रभर उघडी ठेवावी, म्हणजे बरेचसे उडून जाते.

खरी पंचाईत पुण्यासारख्या ठिकाणी, जेथे उन्हाळ्यात धरणाचे पाणी तोकडे पडते आणि सोसायटीच्या टाकीत बोअरचे किंवा टँकरचे पाणी येऊन मिसळते. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपताना ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरोबर घेऊन येते. मातीच्या कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरते. नखाने खरवडली तर पिठासारखी गळते आणि तिच्यावर लिंबू पिळले तर फसफसते. कारण पाणी पानांवाटे आणि उन्हाने उडून जाते, पण त्याने आणलेला क्षार मात्र कुंडीच्या खात्यावर शिल्लक राहतो आणि ती शिल्लक दर खेपेस वाढतच जाते. अनंताला हा कारभार मुळीच मानवत नाही. त्याची नवी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात; मातीत लोह असते, पण अल्कधर्मी झालेली माती ते मुळांच्या हाती लागू देत नाही. माळी हिराकस घालतो, चार दिवस पाने उजळतात, आणि पाणी तेच राहिल्याने रोग परततो.

येथे गाळलेले पाणी खरोखर उपयोगी पडते. पण त्याची किंमतही पाहावी: एक लिटर पाणी देताना घरगुती आरओ यंत्र बहुधा दोन-तीन लिटर मोरीत सोडते. ते वाया जाऊ नये म्हणून काटकसरी गृहिणी ते बादलीत धरून झाडांनाच घालते, आणि ज्या क्षारांची तिच्या पोटाला भीती वाटली तेच, आणखी दाट होऊन, मोगऱ्याच्या माथी बसतात. बोअरच्या घरात ते पाणी फरशी पुसण्यास ठीक. मीठ घालून चालणाऱ्या, जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचे पाणी तर कुंडीजवळ आणूच नये. त्यातला सोडियम माती घट्ट करतो आणि मुळांची तहान वाढवतो.

केवळ क्षारहीन पाण्यावरच जगणाऱ्या वनस्पतीही आहेत. कासच्या पठारावरची दवबिंदू आणि सीतेची आसवे ही कीटकभक्षी रोपे कातळावरच्या निःसत्त्व ओलीत वाढतात. नळाच्या क्षारांनी ती खंगतात. रोपवाटिकेतून दवबिंदू आणणाऱ्याने तिला पावसाचे किंवा गाळलेले पाणीच द्यावे. पठारावरून उपटून आणणाऱ्याने मात्र या निबंधाकडे दाद मागू नये.

बाकीच्यांना नळाचे पाणी पुरते. अट एवढीच, की अधूनमधून भरपूर पाणी घालून ते तळाच्या भोकातून वाहू द्यावे, आणि जूनमध्ये कुंड्या चार सरी उघड्यावर भिजू द्याव्यात, म्हणजे साचलेला क्षार धुऊन निघतो. परंतु खालच्या मजल्यावर पाणी टपकते अशा तक्रारी दप्तरात गोळा झाल्या, की सोसायटीचे सेक्रेटरी प्रत्येक कुंडीखाली बशी ठेवण्याचा हुकूम काढतात. मग वरून धुतलेला क्षार बशीत उतरतो, आणि माती संध्याकाळपर्यंत तो पुन्हा वर ओढून घेते. बशी ठेवावी लागली तर पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ती उचलून मोरीत रिकामी करावी. तसे करण्यास कोणत्याही हुकुमाची आडकाठी नाही.